एक माणूस, दोर ताण!

एकट्या माणसाला इंजिनाशिवाय आकाशात जायचं असेल, तर जमिनीवर निदान तिघांना राबावं लागतं. एकानं ग्लायडरच्या पंखाचं टोक धरायचं, एकानं फोन धरायचा आणि एकानं किलोमीटरभर लांब, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंचच्या यंत्रावर बसून पोलादी दोर गुंडाळायचा, म्हणजे ग्लायडर पतंगासारखं वर ओढलं जातं. हाउबेनबर्गच्या आमच्या क्लबात नवीन आलेली माणसं हे ऐकून हिरमुसतात. त्यांना वाटलेलं असतं, आपण पक्ष्यासारखे मनात येईल तेव्हा भुर्रकन उडू. ओटमार लिंपर्टचा चेहरा मात्र हे ऐकून उजळला. "म्हणजे दर वेळी तिघं? नक्की?" असं त्यानं आमच्या अध्यक्षाला, हार्टविगला, दोनदा विचारलं आणि लगेच फॉर्म भरला.

इतर लोक येतात ते उडायला. ओटमार आला होता तो त्या तिघांसाठी.

वय एकसष्ट. जिल्ह्याच्या भूमापन कचेरीतून निवृत्त. बायको इर्मगार्ड जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एवढ्यावर त्याची माहिती संपते, आणि खरं सांगायचं तर त्याचा दिवसही साधारण एवढ्यातच संपायचा.

आता आमच्या मुलखात माणूस माणसाला सहजासहजी अरे-तुरे करत नाही. कचेरीत ज्या केसेलरिंगच्या समोरच्या टेबलावर ओटमारनं चौतीस वर्षं काढली, तो निवृत्तीच्या दिवशीसुद्धा "लिंपर्टसाहेब, येत चला हं अधूनमधून," असंच म्हणाला. कुणी कुठे येणार-जाणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या झिकग्राफबाई कुंपणावरून बावीस वर्षं "अहो" करत होत्या. त्याला 'तू' म्हणणारं साऱ्या गावात एकच माणूस होतं, ते गेलं. क्लबात मात्र नियमच आहे, फाटकाच्या आत आलं की दातांचा डॉक्टर असो की खाटीक, सगळे अरे-तुरे. पहिल्याच दिवशी आमची उड्डाण-शिक्षिका गेरलिंड, जिनं प्राथमिक शाळेतली पोरं चाळीस वर्षं वळणावर आणली, ती लांबूनच ओरडली, "ए, तू! पाय काढ, दोरावर उभा आहेस!"

त्या दिवशी घरी जाताना ओटमार गाडीत शीळ घालत होता.

झिकग्राफबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्या कुंपणावर कोपरं टेकून म्हणाल्या, "लिंपर्टसाहेब, तुम्ही कुत्रा का नाही पाळत? सोबत होते, फिरणं होतं."

"मी उडायला शिकतोय."

"तेच म्हणते. कुत्रा वरून पडत नाही. आमचे भावजी चेरीच्या झाडावरून पडले. झाडसुद्धा फार उंच नव्हतं हो."

"मग?"

"मग काय? आता झाड आहे, भावजी नाहीत."

पण बाई मनाच्या चांगल्या. उडतोच म्हणतोय मेला, तर निदान गारठू नये, म्हणून त्यांनी आठवड्याभरात जाड लोकरीची गुडघ्यापर्यंतची चड्डी विणून कुंपणावरून दिली. ती हातात धरून ओटमार बराच वेळ अंगणात उभा राहिला, कारण अशा वेळी बाईमाणसाला नेमकं काय म्हणतात, हे त्याला आठवेना. शेवटी तो "माप बरोबर आहे" एवढंच म्हणाला.

मग सुरू झाली कागदपत्रं. उडणाऱ्यांना तपासणाऱ्या डॉक्टरनं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं चष्म्याची दुसरी जोडी आणि ती असल्याचा दाखला मागितला. दाखला घेऊन गेला, तर पहिला डॉक्टर रजेवर. तो परतला तोवर दाखला जुना झालेला. मग हा इसम देशाला धोकादायक नाही, याची सरकारी चौकशी आली. तीत दहा वर्षांतले सगळे पत्ते लिहायचे होते. ओटमारनं एकच लिहिला, तर खिडकीतला माणूस संशयानं बघायला लागला, की दहा वर्षांत हा माणूस कुठेच कसा गेला नाही! आणि सगळ्यात शेवटी एक चौकोन होता: अपघात झाल्यास कुणाला कळवावे?

ओटमारनं तो मोकळा सोडला. आठ दिवसांनी फॉर्म परत आला, लाल पेन्सिलीनं तोच चौकोन गिरवून. चौतीस वर्षं ओटमारनं स्वतः एकेका मोकळ्या चौकोनासाठी लोकांना चार-चार खेटे घालायला लावले होते. त्या सगळ्यांची हाय अशी एकदमच लागली. तो फॉर्म घेऊन कुंपणापाशी गेला.

"मला कळवून मी काय करणार?" झिकग्राफबाई म्हणाल्या.

"काही करायचं नाही. फक्त तुम्हाला कळेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, लिहा माझं नाव. पण दुपारी दोन ते तीन नको म्हणावं. मी झोपते."

क्लबात प्रत्येक सभासदाला वर्षाला चाळीस तास काम करावं लागतं. गवत कापा, दोर सांधा, हिवाळ्यात ग्लायडरचे पंख घासा. बाकीचे चाळिसाव्या तासाला हातातलं फडकं जिथल्या तिथे टाकून घरी जातात. ओटमारचे पहिल्या वर्षीच दोनशे अकरा तास भरले. हार्टविगला वाटलं हिशेबात चूक आहे, म्हणून त्यानं बेरीज पुन्हा केली. चूक नव्हती. शनिवारी दुपारी क्लबाच्या कारखान्यात चौघं-पाच जण एका पंखाला पॉलिशकागद घासत बसायचे. आमच्याकडची माणसं बोलत नाहीत. पाच तासांत एक जण म्हणायचा "सरक", दुसरा म्हणायचा "सरकलो". पण ओटमारच्या घरात एवढंही संभाषण होत नव्हतं. स्वयंपाकघरात त्याला एक खोड लागली होती, सूप चाखून तो मोठ्यानं विचारायचा, "मीठ कमी आहे का गं?" आणि मग स्वतःच मीठ घालायचा.

फोनचं काम त्याला सर्वांत आवडायचं. त्यात सांगायचं असतं फार थोडं. "ग्लायडर तयार, दोन माणसं, दोर ताण." दोन माणसं की एक, हे विंचवाल्याला सांगावंच लागतं, कारण त्यावर किती जोर लावायचा ते ठरतं. विंचवर सव्वीस वर्षं आल्विन बसतो. पूर्वी हा पोटॅशच्या खाणीत माणसांचा पाळणा चालवायचा. आयुष्यभर माणसं खाली सोडली, आता वर धाडतो. तो मागच्या रस्त्यानं सायकलवरून परस्पर विंचवर येतो, डबा तिथेच खातो आणि तसाच परस्पर जातो. आमच्यापैकी अर्ध्यांनी त्याला जवळून पाहिलेलं नाही. फोनवर तो एकच शब्द बोलतो, "ताणतो."

ओटमार त्यावर दर वेळी म्हणायचा, "धन्यवाद, आल्विन."

"अरे, फोन कामासाठी आहे," हार्टविगनं एकदा समजावलं. "तो काय तुझा जावई लागतो?"

ओटमार "बरं" म्हणाला आणि पुढच्या वेळी आवाज जरा खाली आणून म्हणाला.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं, ती.

आमच्यात रीत अशी की, शिष्य तयार झाला असं वाटलं की शिक्षक काही न सांगता मागच्या जागेवरून उतरतो, त्या जागेचे पट्टे बांधून टाकतो आणि म्हणतो, "जा." तीन उड्डाणं एकट्यानं करायची. तिसऱ्यांदा उतरलं की ग्लायडरच्या नाकावर ओणवं व्हायचं, आणि मैदानावर हजर असलेल्या प्रत्येक सभासदानं येऊन त्याच्या पार्श्वभागावर एक सणसणीत फटका मारायचा. कारण वरची हवा उडणाऱ्याला बुडाखालून कळते, तेव्हा ती जागा जागी करावी लागते. मग काटेरी फुलांचा आणि अंगाला लागला की आग होणाऱ्या पाल्याचा गुच्छ हातात द्यायचा, आणि तो त्यानं हसत हसत, उघड्या हातांनी घट्ट धरायचा. सगळ्यांचे फटके होईतो ओणव्यानं उठायचं नाही, हा नियम. हा आमचा धर्मविधीच समजा.

गेल्या उन्हाळ्यात खाटीक लोरेंझ एकटा उडाला, तेव्हा एकतीस फटके पडले. ओटमारचाही एक होता. "अरे, फटका मारतोस की धूळ झाडतोस?" असं लोरेंझच त्याला ओणव्यानं म्हणाला. एकतीस झाल्यावर लोरेंझ उठला तो लालबुंद. हसत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जो तो त्याच्या पाठीवर थापा मारत होता, केस विस्कटत होता. ओटमार कडेला उभा राहून बघत होता. चार वर्षांत त्याला हात लावलेली माणसं दोन. एक न्हावी, दुसरा डोळ्यांचा डॉक्टर, आणि डॉक्टरनं तर हातमोजे घातले होते. ओटमारनं तिथल्या तिथे ठरवलं की आपल्याला हे पाहिजे. उडणं ठीक आहे. फटके पाहिजेत. सभासद त्रेचाळीस, स्वतःला वगळून बेचाळीस.

एकसष्टाव्या वर्षी माणसानं मनात धरायची ही इच्छा नव्हे, हे त्यालाही कळत होतं. त्यामुळे तो कुणाला बोलला नाही. फक्त वसंत उजाडला तशी त्यानं उडायच्या दिवशी लोकरीची चड्डी घालणं बंद केलं, म्हणजे वेळ आलीच तर फटका वाया जायला नको. झिकग्राफबाईंना दोरीवर ती सारखी वाळत पडलेली दिसेना, तेव्हा त्यांनी विचारलंही, आणि ओटमारनं हवा सुधारल्याचं सांगितलं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी चिन्हं दिसायला लागली. गेरलिंडनं दोन उड्डाणांत तोंडातून अक्षर काढलं नाही, म्हणजे केवढी गोष्ट! मग ती मागच्या जागेच्या पट्ट्यांशी चाळा करायला लागली. ओटमारनं मैदानावर नजर टाकली. माणसं मोजली. पाच. त्यातला एक पाइपवाला, नळ दुरुस्त करायला आलेला.

पाच फटके? एक अख्खं वर्ष, दोनशे अकरा तास, डोळ्यांचे तीन दाखले, आणि पाच फटके?

त्यानं तिसऱ्या उड्डाणाला उतरताना ग्लायडर मुद्दाम आपटलं. बेडकासारख्या तीन उड्या.

"हे काय होतं?" मागून गेरलिंडचा आवाज आला.

"चुकलं."

"तीनदा? माझ्या मणक्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" असं म्हणून तिनं पट्टे सोडून पुन्हा स्वतःला बांधून घेतलं. शुक्रवारीही तेच. त्या दिवशी नऊ माणसं होती. ओटमार रविवारची वाट बघत होता. रविवारी आमच्याकडे मोठी गर्दी, दुपारी कॉफी, केक. त्यानं पहाटे उठून इर्मगार्डच्या वहीतून सफरचंदाचा केक केला, कारण फटके खाणाऱ्यानं मारणाऱ्यांना खाऊ घालायचं असतं. अडतीस माणसं! त्यानं दोनदा मोजली.

आणि तो इतका खूश झाला की गेरलिंडबरोबर उतरताना थांबायचंच विसरला. ग्लायडर मऊ टेकलं, आजवर टेकलं नव्हतं इतकं सुरेख टेकलं, आणि तसंच सुरेख घरंगळत कॉफीच्या टेबलापर्यंत गेलं. लोक पांगले. पंखानं छत्री उचलली, छत्रीनं कॉफीचं भांडं उचललं आणि ग्लायडरचं नाक सफरचंदाच्या केकवर येऊन हळूच थांबलं. कुणाला काही लागलं नाही. अडतीस माणसं केककडे बघत होती. दातांच्या डॉक्टरनं नाकावरचं सफरचंद बोटानं पुसून चाखलं आणि म्हणाला, "दालचिनी जास्त झालीय."

काचेचं झाकण बदलायला आणि नाक रंगवायला तीन आठवडे गेले. ते काम अर्थातच ओटमारनं केलं. एकट्यानं, कारण हवा झकास होती आणि सगळे उडत होते.

जूनच्या अखेरीला तो गुरुवार आला. असा दिवस आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो. सकाळी दहालाच कापसाचे ढग रांगेनं उभे राहिले. कुणाची आजी आजारी पडली, कुणाचा दात दुखायला लागला (खुद्द दातांच्या डॉक्टरचा!), आणि कचेऱ्या सोडून आम्ही सगळे मैदानावर. साडेअकरापर्यंत क्लबातलं जवळपास प्रत्येक ग्लायडर तीनशे किलोमीटरची मजल मारायला निघून गेलं होतं. प्रत्येकाचा पंख ओटमारनं धरला, प्रत्येकाला "मजा कर" म्हटलं. मग मैदानावर गवत, शिकायचं जुनं दोन जागांचं ग्लायडर आणि ओटमार सोडून तीन माणसं राहिली. हार्टविग राहिला, कारण त्याच्या ग्लायडरच्या तपासणीचा कागद कुठेतरी अडकला होता. गेरलिंडचा गुडघा दुखत होता. आणि लांब विंचवर आल्विन.

"चल, बस," गेरलिंड म्हणाली. पहिलं उड्डाण दोघांनी केलं; हार्टविगनं एका हातात पंख धरला, दुसऱ्यात फोन. उतरल्यावर ती कण्हत बाहेर आली आणि रिकाम्या जागेचे पट्टे बांधायला लागली.

"गेरलिंड, आज नको."

"का?"

"रविवारी करू. रविवारी माणसं... म्हणजे वारा बरा असतो."

"हे बघ शहाण्या," गेरलिंड काचेवर टेकून म्हणाली. "उद्या माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणजे मी गेले पुढच्या वर्षावर. आणि तुझा डॉक्टरचा दाखला तीस तारखेला संपतोय. नवा मिळायला, तुझं नशीब बघता, नाताळ येईल. बासष्टाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा करशील? मी चाळीस वर्षं पोरं ओळखलीत. पोट दुखतंय म्हणणारीही आणि मुद्दाम आपटणारीही. का आपटत होतास ते मी विचारत नाही. पण आज आपटलंस तर संपलं, मी सही करणार नाही. जायचंय की नाही?"

ओटमारनं रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. कॉफीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे डब्यात त्यानं सवयीनं आणलेला केक होता, या वेळी दालचिनी बेताची.

"जातो," तो म्हणाला.

गेरलिंडनं पंख धरला. हार्टविगनं फोन उचलला. "ग्लायडर तयार. एक माणूस. दोर ताण."

मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच विंचवरून प्रश्न आला. "एक माणूस? कोण?"

"ओटमार."

"ताणतो," आल्विन म्हणाला.

मागचं वजन नसलं की ग्लायडर दचकून उडी मारतं, हे ओटमारला शंभरदा सांगितलं होतं. तरी तो हबकला. वर गेला, दोर सुटला, आणि एकदम सगळं गप्प झालं. फक्त वाऱ्याची शीळ. सवयीनं तो म्हणाला, "बरोबर आहे ना, गेरलिंड?" मागून उत्तर आलं नाही. तेव्हा त्याला कळलं की ही शांतता आपल्या ओळखीची आहे. ही घरचीच. स्वयंपाकघरातली, पलंगाच्या डाव्या बाजूची. एवढा खटाटोप करून, एवढे दाखले गोळा करून, चारशे मीटर वर येऊन माणूस पुन्हा तिथेच! त्याला हसू आलं आणि मग हसू राहिलं बाजूला. खाली त्याचं घर दिसलं, झिकग्राफबाईंचे कपडे दोरीवर दिसले, चर्चमागचं कब्रस्तान दिसलं. इर्मगार्डची जागा वरून कुठली ते ओळखू येईना. भूमापन कचेरीतला माणूस, साऱ्या जिल्ह्याचे नकाशे पाठ, आणि ती एवढीशी जागा सापडेना. "मी आलोय वर," तो तरीही मोठ्यानं म्हणाला. मग डोळे पुसले, कारण उतरायचं होतं आणि आपटायचं नव्हतं.

आपटलं नाही. तिन्ही वेळा नाही. तिसऱ्यांदा तर गेरलिंडच्या पुढ्यात, दहा पावलांवर येऊन उभं राहिलं.

"उतर," ती म्हणाली. "ओणवा हो."

तो ग्लायडरच्या नाकावर ओणवा झाला. गेरलिंडचा हात म्हणजे चौथीच्या वर्गाला चाळीस वर्षं धाकात ठेवलेला हात, तो वाजला. हार्टविगनं आधी नोंदवहीत उतरल्याची वेळ लिहिली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि शिक्का मारावा तसा एक मारला. मग काहीच नाही. वारा होता. गवतातून एक मुंगळा त्याच्या बुटाकडे येत होता.

"झालं?" ओटमारनं ओणव्यानंच विचारलं.

"झालं. आहे कोण आणखी?"

दोन. त्यानं मनात बेरीज केली, बेरजेसारखं काही नव्हतंच. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इतकं की उठून आता ह्यांना तोंड कसं दाखवायचं, असं झालं. तेवढ्यात फोन वाजला. विंचवरून फोन कधी येत नाही, नेहमी इकडून तिकडे जातो, म्हणून हार्टविग दचकलाच.

"तो ओणवाच आहे का?" आल्विन विचारत होता.

"आहे."

"राहू दे तसाच. मी निघालोय."

"चालत? अरे, किलोमीटर आहे!"

फोन ठेवलेला होता.

"नियम आहे बाबा," गेरलिंड म्हणाली, "उठू नकोस." तिनं डबा उघडला, केकचा तुकडा घेतला आणि खुर्चीवर पाय पसरून बसली. ओटमारच्या डोक्यात रक्त उतरायला लागलं. मुंगळा बुटावर चढला, उतरला.

"कुठवर आला?"

"अर्ध्यात. आता थांबला."

"का?"

"काय की. वाकलाय. काहीतरी उपटतोय." ती घास चावत म्हणाली. "निघाला. परत वाकला. ह्या माणसाला घाई कसली ती नाही. केक छान झालाय रे."

पाव तासानं गवतात दोन जाड, ग्रीसचे डाग पडलेले बूट ओटमारला दिसले.

"तू ओटमार?"

"हो."

"आवाजावरून उंच वाटला होतास."

"आता ओणवा आहे ना," ओटमार म्हणाला.

आल्विन जरा दम खाऊन बोलला. बोलायची सवय नसलेला माणूस, शब्द एकेक करून काढत होता. "सव्वीस वर्षं मी माणसं पहिल्यांदा एकटी वर धाडतोय. फटका मारायला कधी मिळाला नाही. मी पोचेपर्यंत सगळे केकवर असतात. मग यायचंच सोडलं. पण तू दर वेळी धन्यवाद म्हणतोस."

आणि त्यानं मारला. वर्षानुवर्षं खाणीतला पाळणा पेललेला हात तो! ओटमार ग्लायडरच्या नाकावरून वीतभर पुढे सरकला. हार्टविगनं नकळत ग्लायडरचं काही मोडलं का ते पाहिलं. आणि मारलेला हात आल्विननं लगेच उचलला नाही. तो ओटमारच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"लागलं का रे?" गेरलिंडनं विचारलं.

"लागलं," ओटमार म्हणाला. "चांगलंच लागलं." आणि तो तिथेच ओणव्यानं रडायला लागला. आमच्याकडे कुणी रडलं की लोक वारा बघतात. त्याप्रमाणे गेरलिंड आणि हार्टविग दोघंही बराच वेळ वाऱ्याची दिशा बघत उभे राहिले.

मग आल्विननं काटेरी फुलांचा गुच्छ दिला. स्वतःचे हात आधीच लाल झाले होते. ओटमारनं तो घट्ट धरला.

"जातो," आल्विन म्हणाला. "विंच उघडी टाकून आलोय."

"थांब," ओटमार म्हणाला. त्यानं उरलेल्या केकचा डबा काखेत मारला, आणि दोघं चालायला लागले. विंचपाशी एकच स्टूल होतं, अर्थातच. सव्वीस वर्षं दुसरं लागलंच नव्हतं.

"बस," आल्विन म्हणाला.

"तूच बस. मला आज बसवणार नाही."

संध्याकाळी आम्ही एकेक करून उतरायला लागलो. कुणी तीनशे किलोमीटर उडून आला होता, कुणी साडेतीनशे, जो तो आपल्या ढगांची बढाई मारत होता. नोंदवहीत ओटमारच्या नावापुढे 'एकटा' असं तीनदा लिहिलेलं पाहिलं, तेव्हा आमचे हात शिवशिवायला लागले. "आहे कुठे तो?"

हार्टविगनं मैदानाच्या पार टोकाकडे बोट दाखवलं. "मारायचा असेल तर जा. किलोमीटरभर चालावं लागेल."

आम्ही तिकडे पाहिलं. दमलो होतो. रविवारी मारू, असं ठरलं. लांबवर विंचपाशी दोन माणसं दिसत होती, एक बसलेला आणि एक उभा, आणि दोघं केक खात होते.